ताई, मराठीत एमए करू का?

या वेळचं पत्र लांबलचक होतं म्हणून थोडं कापलंय, पण शब्द तिचेच आहेत आणि चुकाही मुद्दाम तशाच ठेवल्यात, पुढे लागणारेत.

"ताई, साहित्य हा मानवी जीवनाचा आरसा आहे आणि लहानपणापासून मला शब्दांच्या विश्वात रमायला आवडते. मी २५ वर्षांची, कांजूरमार्गला राहते. बीकॉमनंतर ऐरोलीला एका इन्शुरन्स कंपनीच्या बॅक ऑफिसला लागले, हेल्थ क्लेम तपासते, चार वर्ष झाली. शाळा इंग्लिश मिडीयम. मला लेखिका व्हायचंय. नोकरी सोडून युनिव्हर्सिटीत मराठीत एमए करावं असं खूप वाटतं पण मैत्रीण म्हणते इंग्लिशमध्ये कर, निदान स्कोप आहे. एक सहा महिन्यांचा ऑनलाइन रायटिंग कोर्स पण बघितलाय, फी ४५ हजार. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, ते म्हणतात मराठीत एमए करून काय शिकवण्या घेणार का. आणि खरं सांगू का, माझं मराठी कच्च आहे, ऱ्हस्व दीर्घ तर अजिबात येत नाही, एमएला बसायची लायकी आहे का तेच माहीती नाही. माझी आई पोळीभाजीचे डबे करते, सातवी शिकलीय, कालनिर्णयच्या चौकटीत सगळा हिशोब लिहिते, दुध, गॅस, डबे, '३०४ ला २ दिले १ परत मीठ कमी म्हणे' असं. तिला लिहायला कधी भीती वाटत नाही, मला वाटते. काय करू?"

अगं कांजूरमार्गच्या मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा वरून खाली आणि दुसऱ्यांदा फक्त शेवटच्या तीन ओळी. साहित्य हा मानवी जीवनाचा आरसा हे वाक्य कुठून आलंय ते मला पक्कं माहितीये, कारण मी पण तेच निबंधात लिहून दहापैकी सात मार्क घेतलेत, आणि माझ्या आधी माझ्या ताईने घेतले होते. शब्दांच्या विश्वात रमणं पण तिथलंच. ही वाक्यं तुझी नाहीत, वापरून वापरून गुळगुळीत झालेली आहेत, ती वाचताना डोळा थांबत पण नाही. आणि मग सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता, तू आईच्या कॅलेंडरमधली ती एक ओळ उतरवलीस आणि मी चहा बाजूला ठेवला.

त्यातला "म्हणे" बघ. ३०४ ला दोन दिले, एक परत आला, मीठ कमी, म्हणे. मीठ कमी होतं असं तुझी आई म्हणत नाहीये. मीठ कमी असल्याचं ३०४ वाले म्हणतायत, आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही, पण गिऱ्हाईक आहे म्हणून लिहून ठेवते, एवढं सगळं ती दोन अक्षरांत सांगून मोकळी झाली. इंग्रजीत हेच सांगायला अर्धं वाक्य जास्तीचं खर्च करावं लागतं. एक बिल्डिंग, एक बाई, परत आलेला डबा, तो अपमान गिळून त्याला हिशोबात बसवणं, आणि त्यावरची तिची टिप्पणी, कॅलेंडरच्या एका चौकटीत मावलं. तिथे अमावस्या-चतुर्थी पण छापलेली असते, म्हणजे जागा किती उरते ते तुला माहितीये.

आता मी हे जे केलं ना, एका "म्हणे" वर एवढ्या ओळी घालवल्या, साहित्याच्या एमएला दोन वर्षं साधारण हेच चालतं. वाचताना मजा आली असेल तर पुढचं वाच. बाई उगाच ताणतायत असं वाटलं असेल तर तेही ठीक, मग एमए करू नकोस, नुसती पुस्तकं वाच आणि लिहायला लाग, कोणी अडवलेलं नाहीये. कारण सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो की साहित्याच्या वर्गात लेखन शिकवतात. भाषाविज्ञान असतं, म्हणजे ध्वनी, रूप, वाक्य, अर्थ असं भाषेचं बॉनेट उघडून आत बघायचं (तुझ्या आईचा "म्हणे" तिथे बरोबर सापडतो), साहित्यशास्त्रात भरतमुनींच्या रससूत्रापासून निघून ॲरिस्टॉटलला वळसा घालून स्त्रीवादी समीक्षेपर्यंत यायचं, मग मध्ययुगीन वाङ्मय, महानुभाव, वारकरी, पंडित कवी, शाहीर, मग दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, लोकसाहित्य. सर्जनशील लेखन म्हणून एखादा पेपर कुठे कुठे असतो पण तो भाजीवरच्या कोथिंबिरीइतका.

तू मध्ययुगीनला घाबरणार हे मी आत्ताच सांगते. नको घाबरूस. तेराव्या शतकातलं महानुभावांचं गद्य उघडलंस तर लहान लहान वाक्यं दिसतील, कोण कुठून आलं, काय खाल्लं, कोण काय बोललं, निबंधातल्या आरशापेक्षा ते तुझ्या आईच्या कॅलेंडरच्या कितीतरी जवळचं आहे. आणि शब्द अडतात ते सगळ्यांचेच अडतात, आमच्या वर्गात खेड्यातून आलेली, बालवाडीपासून मराठीत शिकलेली मुलं पण तिथे माझ्याइतकीच गडबडायची, उलट तिथे कसं छान वाटायचं, सगळे एकाच पाण्यात.

मी नव्वदच्या दशकात मुंबई विद्यापीठात होते, कलिन्याला, रानडे भवनात. न्यायमूर्ती रानडे म्हणजे १८६२ साली या विद्यापीठातून पहिल्यांदा जे मोजके लोक बीए झाले त्यातले एक, आणि याच विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून त्यांनी पुढे बरीच वर्षं खटाटोप केला, त्यांच्याच नावाच्या इमारतीत आपण मराठी शिकतोय हे मला पास होऊन गेल्यावर कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच की कुर्ला स्टेशनबाहेर बसची लाइन मोठी असली की पहिलं लेक्चर गेलं. आमचे एक सर होते, त्यांनी एकदा एका कवितेतल्या एका ओळीवर दोन तास घेतले. ओळ साधी, उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडणारी बाई. सरांनी विचारलं, बाईचं तोंड कुठे आहे, घरात की अंगणात? आम्ही मुंबईकर पोरींनी लगेच हात वर केले, अंगणात, ती वाट बघतेय, विरह वगैरे. मागच्या बाकावर राजापूरकडची एक मुलगी बसायची, कधी बोलायची नाही, ती म्हणाली, तुम्ही कोणी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडलेत का, उजेड बाहेरून येतो म्हणून सूप उजेडाकडे धरायचं, तोंड बाहेर असणारच, त्यात वाट कुठली बघायचीय? वर्ग गप्प. मग धारावीतला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे उंबऱ्यावर बसायला जागाच नसते, बाहेर लगेच गटार, म्हणजे ही बाई मुळात बऱ्या घरची आहे. तो वाद कँटीनमध्ये गेला, तिथून बसमध्ये, आणि मला वाटतं कुर्ल्याच्या पुलावर आम्ही कोणाला तरी धक्का मारून शिव्या पण खाल्ल्या. मी आजही काही वाचताना माणसाचं तोंड कुठे आहे ते बघते. कुठल्याही नोट्समध्ये हे नसतं, वेगवेगळ्या घरांतली पंधरा-वीस माणसं एका खोलीत बसली तरच हे होतं, आणि हे मी तुला आत्ताच सांगून ठेवतेय कारण पुढे मी तुला जो सल्ला देणारे त्यात हेच नेमकं हातचं जाणारे.

म्हणजे नोकरी सोडू नकोस.

रेग्युलर एमए म्हणजे ७५ टक्के हजेरी, वर्ग दिवसा, आणि तू ऐरोलीला दिवसा. शिफ्ट बदलून मिळत असेल, रात्रीची वगैरे, तर आधी एचआरला विचार, पण रात्री क्लेम आणि दिवसा ध्वनिविचार असं दोन वर्षं करून बघितलेली माणसं मी पाहिलीत, दुसऱ्या सेमिस्टरला ती वर्गात बसून झोपतात आणि मग ना धड हे ना धड ते. त्यापेक्षा मुंबई विद्यापीठाचंच दूरस्थ घे, आपण ज्याला आयडॉल म्हणायचो ते, हल्ली सीडीओई म्हणतात, तेही कलिन्यालाच आहे. बीकॉमवरून मराठीला यायचं तर काय अटी, काय कागद, हे खिडकीवर जाऊन विचार, कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नकोस, नियम दर वर्षी हलतात, एक सुट्टी खर्च झाली तरी चालेल. आणि दूरस्थमध्ये जी माणसं मिळणार नाहीत ती स्वतः जमव. शनिवारी तुला सुट्टी असेल तर कांजूरहून सरळ स्लो पकडून दादरला उतर, पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालची संस्था, तिथल्या संदर्भ विभागात बस. सुरुवातीला कंटाळा येईल, पंखा घरघरतो, बाजूला कोणीतरी आजोबा जुनी मासिकं काढून बसलेले असतात. त्या आजोबांशी बोल. तिथे पीएचडीवाली मुलं पण येतात, त्यातली दोन-तीन धर, महिन्यातून एकदा एका कवितेवर भांडा. तीन माणसं पुरतात.

आता पैसे, कारण तू नाही विचारलंस तरी तुझ्या बाबांनी विचारलंयच.

एमएनंतर कॉलेजात शिकवायचं तर एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, सेट आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, एकूण १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास. तयारी केली तर निघते, माझ्या बरोबरच्या कितीतरी जणींची निघाली. नेटमध्ये वरच्या नंबरात आलीस तर जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना महिना ३७ हजार, त्याला वयाची अट ३० ची आहे (मुलींना सवलत मिळते), म्हणून एमए करायचं तर आता कर, बत्तिशीत नको. पण नेट निघाली म्हणजे नोकरी मिळाली असं समजू नकोस. कायमच्या जागा भरायच्या राहिलेल्या असतात आणि कॉलेजं तासिका तत्त्वावर माणसं घेतात, त्याला सीएचबी म्हणतात, जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टी लागली की मीटर बंद, आणि ते पैसेही कधी कधी सहा-सहा महिन्यांनी एकदम येतात. मी दोन वर्षं सीएचबी केली, एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्या उपनगरात दुपारी, प्राध्यापक म्हणून हळदीकुंकवाला मान आणि पर्समध्ये वडापावचे पैसे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी फेटे बांधलेले स्टिकर टाकले, मीही टाकला, आनंद झालाच, पण एक सीएचबीवाली मैत्रीण तेवढंच म्हणाली, अभिजात झाली, आता पर्मनंट कधी होणार.

आणि इथे मला तुझ्या बाबांना एक सांगायचंय, काका, तुम्ही टोमणा म्हणून जे म्हणालात ना, शिकवण्या घेणार का, ती आयडिया वाईट नाहीये. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, सीबीएसई, आयसीएसई सगळीकडे, आणि पवईच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या ज्या मुलांच्या घरी मराठी बोललीच जात नाही त्यांच्या आया मराठीची बाई शोधत फिरतायत, अशी बाई जी त्या पोरांना त्यांच्या इंग्रजीतून समजावेल. तुमची मुलगी इंग्लिश मिडीयमची आहे, तिला बरोबर कळतं त्या पोरांचं कुठे अडतं, "मी गेला" का म्हणायचं नाही आणि बस ती का आणि ट्रक तो का, हे मला समजावता येणार नाही, तिला येईल. शाळेत रीतसर शिकवायचं तर पुढे बीएड करावं लागेल. पण शिकवणी घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. सीएचबीपेक्षा त्यात पैसे जास्त सुटतात, हे मी दोन्ही करून सांगतेय.

बाकीची कामं भराभर सांगते. सीरियल लिहिणं, मी आठ महिने संवाद लिहिले, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि बँक संपली, म्हणजे शूट करून ठेवलेले एपिसोड संपले, की दुपारी चार वाजता सेटवरून फोन येतो की सासूला आज ताप आलाय, सीनमधून काढा, आणि साडेपाचला सीन हवा असतो. पैसे बरे मिळतात, तब्येत जाते. जाहिरात एजन्सीत भाषांतर, त्याला ते ॲडाप्ट म्हणतात, हिंदी ओळ येते आणि तिचं मराठी संध्याकाळपर्यंत हवं असतं, होर्डिंगवर "आमच्याशी जुडा" आणि "माझी मदत करा" असली मराठी दिसते ना, ती अशा संध्याकाळी जन्मते. तिथे "मला मदत करा" म्हणणारं माणूस लागतं आणि त्याला वाद घालता यावा लागतो, कारण क्लायंट म्हणतो गुगलने तर वेगळं दिलंय. प्रूफरीडिंगमध्ये पैसे कमी पण शाळा तीच, त्याबद्दल पुढे.

पण तुझ्यासाठी मला खरं दिसतंय ते वेगळंच, आणि ते तुझ्या टेबलावर रोज पडलेलं असतं. तू हेल्थ क्लेम तपासतेस. पॉलिसीबरोबर तो एक माहितीचा तक्ता देतात, तुमच्यात सीआयएस म्हणतात, तो ग्राहकाने मागितला तर त्याच्या भाषेत द्यायचा असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे, तुला माहीत असेलच. असलं विम्याचं मराठी कधी वाचलंयस? मी माझ्या आईच्या पॉलिसीसाठी एक वाचलं होतं, कुठल्या कंपनीचं ते सोड. "पूर्व-विद्यमान रोग". माझ्या आईने विचारलं, विद्यमान म्हणजे आमदार असतो तसं का गं? "आधीपासून असलेला आजार" लिहायला काय जात होतं. आणि डिडक्टिबलला "वजावट". आता वजावट म्हटलं की माणसाला वाटतं क्लेम पास झाल्यावर त्यातून काहीतरी कापणार, पण डिडक्टिबल म्हणजे आधी तेवढे पैसे तुमच्या खिशातून जाऊदेत, मग आमचं सुरू, आणि ते न कळल्यामुळे ऐन डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडणं होतात, तू ती भांडणं फाइलमध्ये वाचत असशील. हे नीट लिहायला दोन गोष्टी लागतात, क्लेम आतून कसा चालतो ते माहीत असणं आणि डबेवाल्या आईला कळेल असं मराठी येणं. मराठीच्या एमएवाल्यांना पहिलं येत नाही, तुमच्या ऑफिसवाल्यांना दुसरं येत नाही. तू चार वर्षं पहिलं शिकून बसलीयस आणि ते सोडून यायचं म्हणतेस! बँकांची ॲप, हॉस्पिटलची संमतीपत्रं, सोसायटीच्या नोटिसा, सगळीकडे हेच भगदाड आहे. हे लेखन नाही असं तुला वाटेल, कथा-कादंबरी कुठेय यात. रात्री लिही. पोट याच्यावर भरेल आणि हात चालू राहील.

हो, आणि तुला आता लोक लेखकांची नावं फेकून मारतील. सुर्वे गिरणीत राबले, ढसाळांनी टॅक्सी चालवली, तेंडुलकरांची शाळाच अर्धवट सुटली, कोलटकर जाहिरातीत होते, गाडगीळ अर्थशास्त्र शिकवायचे, कोणी केलंय मराठीत एमए? तू उलटी नावं फेकू शकतेस, डहाके शिकवत होते, नेमाडे मुंबई विद्यापीठातच तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर होते. यात वेळ घालवू नकोस, लेखक कुठूनही येतो हे तुला पण माहितीये आणि त्यांना पण.

इंग्लिश की मराठी, यात मैत्रिणीचं मत मला पटत नाही पण चुकीचंही नाहीये. इंग्लिशच्या एमएला जागा जास्त, कंटेंटची कामं जास्त, पण तिथे गर्दीही तशीच, आणि आता ईमेल-ब्लॉग छापाचं इंग्रजी मशीन लिहून देतं. तुला कशात भूक लागते ते बघ. तू पत्र मराठीत लिहिलंस, इंग्लिश मिडीयमची असून, चुका होणार हे माहीत असून. मला उत्तर तिथे दिसलं. इंग्रजी तुझ्याकडे आहेच, ते कुठे जात नाही, अनुवाद करायला बसशील तेव्हा ते व्याजासकट उपयोगी पडेल.

४५ हजारांचा कोर्स घेऊ नकोस. सहा महिन्यांत ते तुला कथेला सुरुवात-मध्य-शेवट असतो हे सांगतील आणि सर्टिफिकेट देतील. लिहून बघायचंच असेल तर दिवाळी अंकांना पाठव, आपल्याकडे १९०९ पासून ही सोय आहे आणि फुकट आहे. फक्त जून-जुलैत पाठव, गणपतीत पाठवून उपयोग नसतो, तोवर पानं लागायला घेतलेली असतात. दहा ठिकाणी पाठवशील, आठ ठिकाणांहून उत्तर येणार नाही, एक जण नाही म्हणेल, आणि एखादा संपादक फोन करून सांगेल की शेवटचे दोन पॅरेग्राफ काढा. काढून टाक. तो फोन ४५ हजारांचा असतो.

आता ऱ्हस्व-दीर्घ, कारण तुझी खरी भीती तीच आहे, बाकी सगळं तिच्यावर घातलेलं पांघरूण. लायकी वगैरे शब्द वापरलास तो मला आवडला नाही. तुझ्या पत्रातल्या चुका मी मोजल्या, कच्च वरचा अनुस्वार गेलाय, वर्ष चार झाली तरी त्याच्या डोक्यावर काही नाही, माहीती ची वेलांटी आणि दुध चा उकार. बास. साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ ला चौदा केले, नंतर चार वाढवले, एकूण अठरा, अठरा म्हणजे काही फार नाही, आपल्याकडे सोसायटीचे नियम याहून जास्त असतात. त्यातला एकच आज घे. शब्दाच्या शेवटी अ असेल, म्हणजे शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार मराठीत दीर्घ, म्हणून दूध, फूल, मूल, सून, गरीब, वकील. आणि त्याच शब्दाला प्रत्यय लागला, शब्द वाकला, की तोच स्वर ऱ्हस्व होतो, दुधाचा, फुलाला, मुलाने, सुनेचं, गरिबाला, वकिलाकडे. मोठ्याने म्हणून बघ, दूध म्हणताना जीभ रेंगाळते आणि दुधाचा म्हणताना ती घाईत असते, कान आधीच बरोबर आहे, हात मागे राहिलाय. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले त्याला अपवाद, गुण, विष, ते असेच राहतात. आणि माहीत दीर्घ पण माहिती ऱ्हस्व, कारण माहीत च्या शेवटी अ आहे आणि माहिती च्या नाही, बघ बसला ना नियम. मग महत्त्व मध्ये दोन त आणि उज्ज्वल मध्ये दोन ज, हे भल्याभल्यांना येत नाही, त्यांना कधी दाखवू नकोस.

हे मला एमएने शिकवलं नाही, प्रूफरीडिंगने शिकवलं. एका पेपरात लागले होते, रात्रपाळी, पट्टी ठेवून ओळ ओळ वाचायचं, बाजूला एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचणार. पहिल्याच महिन्यात एका लग्नाच्या आभाराची चौकट गेली, डीटीपीवाल्याने निधनाच्या चौकटीवरच मजकूर चढवला होता, सगळं बदललं, फक्त नवऱ्या मुलाच्या नावामागचं "चि." करायचं राहून "कै." तसंच राहिलं. मी ती पूर्ण चौकट वाचली होती, वेलांट्या उकार सगळं तपासून, सही करून. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील पेपर घेऊन ऑफिसात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, ते नुसते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, मुलगा हनिमूनला गेलाय, त्याच्या आजीने वाचलं हो सकाळी. मी त्यांना पाणी दिलं आणि आत जाऊन रडले. त्या पानावर एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं.

तर रोज एक नियम, अठरा दिवस. नंतर पुन्हा पहिल्यापासून, दोन महिन्यांत हात बसतो. चुकलीस तर चुकलीस, लिहायचं थांबवू नकोस.

आणि ते कॅलेंडर. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय खिळ्यावरून उतरतं आणि रद्दीत जातं, नाहीतर डब्याच्या फळीवर अंथरलं जातं, तुमच्याकडे तर नक्कीच. आईला आत्ताच सांगून ठेव की टाकायचं नाही, आणि माळ्यावर मागच्या वर्षांची निघाली तर ती पण उतरव. तिची परवानगी घे, तिचं लिखाण आहे ते. मग एक महिन्याचं पान समोर ठेवून जसंच्या तसं वहीत उतरव, तिच्या चुकांसकट, काही सुधारू नकोस, आणि प्रत्येक चौकटीखाली तुला त्या दिवसाचं जे आठवतं ते लिही, आरसा आणि विश्व हे दोन शब्द न वापरता. मला पाठव. ३०४ वाल्यांनी पुढच्या महिन्यात डबा चालू ठेवला की बंद केला, तेवढं मात्र आधी कळव.

तुझी ताई